रिकाम्या पेटीत सातेरी बसवायची तर

रिकामी पेटी झाडाला टांगा, मोहोळ आपोआप येऊन बसतं, असे व्हिडिओ मोबाइलवर रोज दिसतात. त्यातलं बरंचसं खरं आहे, फक्त ते दुसऱ्या माशीचं आहे. ते लोक मेलिफेरा माशीबद्दल बोलतात. तिला चाळीस लिटरची पोकळी आवडते, ती झाडाचा चीक गोळा करून फटी लिंपते आणि थंड मुलखात तिचे थवे मे-जूनमध्ये उठतात. आपल्या बुलढाणा जिल्ह्यात मे-जूनची वाट पाहत बसलात तर पेटीत पाल तेवढी सापडेल.

आपल्याकडे पेटीत आपणहून येणारी माशी एकच, सातेरी. हे आधी नीट डोक्यात बसायला हवं, कारण भलत्याच माशीच्या मागे लागून लोक हंगामच्या हंगाम घालवतात. पाण्याच्या टाकीखाली, पुलाच्या कमानीला किंवा वडाच्या फांदीला दोन-तीन फुटांचं उघडं पोळं लोंबतं ते आग्या मोहोळ. ती माशी उघड्यावरच राहते, कुठलीही पेटी तिला चालत नाही आणि तिच्या वाटेला जाण्यात शहाणपणही नाही. झुडपाच्या काडीला धरून एकच लहानसं पोळं बांधते ती फुलोरी. तीही पेटीत येत नाही. डाळिंबाच्या बागेत किंवा कांद्याच्या सीड प्लॉटशेजारी ट्रकने आणून मांडलेल्या पेट्या बहुतेक मेलिफेराच्या असतात. ही माशी पंजाबात 1960च्या दशकात रुजली आणि तिथून देशभर पेट्यांमधूनच फिरली. आपल्या रानात तिने घर केलेलं नाही.

सातेरी मात्र इथलीच. आग्यापेक्षा लहान, फुलोरीपेक्षा मोठी, पोटावर गडद पट्टे. अंधाऱ्या पोकळीत ती एकाशेजारी एक अशी पाच-सात पोळी बांधते. विहिरीच्या दगडी बांधकामातल्या कपारी, गढीच्या पडक्या भिंती, जुन्या आंब्या-चिंचेच्या ढोल्या, क्वचित बंद पडलेलं मीटरचं खोकं, ही तिची घरं. विहिरीतलं मोहोळ काढायचं म्हणून दोर बांधून खाली उतरणारे आणि रात्री टेंभा लावून पोळं जाळणारे आजही गावोगाव आहेत. पहिल्यात माणूस जातो, दुसऱ्यात मोहोळ. त्यापेक्षा तिला चांगली जागा दाखवून तिच्या मर्जीने बोलावणं सोपं, स्वस्त आणि माझ्या मते जास्त शहाणपणाचं. कापून आणलेलं मोहोळ पेटीत टिकवताना जेवढी यातायात होते, तेवढी आपणहून आलेल्या मोहोळाची होत नाही.

मोहोळ घर सोडतं ते दोन कारणांनी. एक, घर भरलं म्हणून. फुलोरा चांगला असला की माश्या वाढतात, नवी राणी तयार होऊ लागते आणि जुनी राणी निम्म्याशिम्म्या कामकरी माश्यांना घेऊन बाहेर पडते. हा थवा फांदीला काही तास, कधी दिवस-दोन दिवस लटकतो. तोवर शोधकरी माश्या जागा बघून येतात आणि थव्यावर नाचून एकमेकींना पत्ता सांगतात. दुसरं कारण, घर नकोसं झालं म्हणून. ऊन, मुंग्या, मेणकिडा, उपासमार यांपैकी काहीही असलं तरी सातेरी सगळा संसार सोडून निघते. या बाबतीत ती मेलिफेरापेक्षा फार तापट. पहिल्या कारणाने आलेलं मोहोळ पोटभर मध घेऊन, जोमात आलेलं असतं. दुसऱ्या कारणाने आलेलं खंगलेलं असतं आणि त्याला जपावं लागतं.

यावरून पेटी कधी टांगायची ते ठरतं. जिल्ह्याचे घाटावर आणि घाटाखाली असे दोन भाग आपण रोजच्या बोलण्यातही करतो, आणि माशीलाही ते लागू आहेत. पहिली संधी पावसाळा ओसरल्यावर. तिळाची फुलं, बोरीचा बहर आणि मागोमाग तूर असा सप्टेंबर अखेरपासून नोव्हेंबरपर्यंतचा हा काळ. दुसरी आणि जास्त भरवशाची संधी संक्रांतीनंतर. शेवगा, आंब्याचा मोहर, धने, जळगाव जामोद-संग्रामपूरकडच्या संत्र्याचा आंबिया बहार, मग सावर, पळस आणि शेवटी कडुनिंब. घाटाखाली, मलकापूर, नांदुरा, शेगाव या पूर्णाकाठच्या पट्ट्यात ऊन लवकर चढतं, म्हणून तिथे पेट्या जानेवारीच्या मध्यापर्यंत जागेवर हव्यात. घाटावर, बुलढाणा, चिखली, मेहकरकडे पंधरा-वीस दिवस उशीर झाला तरी चालतो. मोहर दिसल्यावर सुताराकडे पेटी टाकायला जाऊ नका. पेटी महिनाभर आधी वाऱ्या-पावसाचा, उन्हाचा वास घेऊन जुनी झालेली बरी.

सोयाबीनवर मात्र विसंबू नका. जिल्ह्यात त्याचं क्षेत्र प्रचंड आहे, पण ते स्वतःच्याच परागावर फळणारं पीक, आणि नुसत्या सोयाबीनच्या पट्ट्यात सातेरीचं भागत नाही. धुऱ्यावर बोर, बाभूळ, कडुनिंब, करंज राहिले आहेत अशा शिवारातच थवा मिळण्याची आशा धरावी.

आता पेटी. थॉमस सीली या अमेरिकी शास्त्रज्ञाने मेलिफेराच्या शोधकरी माश्या घर कसं निवडतात याचा आयुष्यभर अभ्यास केला. त्यांना चाळीस लिटरच्या आसपासची पोकळी, तळाशी असलेलं लहान दार आणि जमिनीपासून उंच जागा पसंत पडते, हे त्याने दाखवलं. आपल्या सातेरीला दार आणि उंचीचं हे म्हणणं पटतं, चाळीस लिटर मात्र तिला फार होतात. तिला साधारण दहा ते पंधरा लिटरची पोकळी पुरते, म्हणजे खाद्यतेलाच्या पंधरा किलोच्या डब्याहून जराशी लहान. गेल्या शतकाच्या सुरुवातीला तिरुचिरापल्लीच्या फादर न्यूटन यांनी देशी माशीच्या मापाची जी पेटी बसवली, तिची पिलावा कोठी, म्हणजे अंडी-पिल्लं वाढतात तो खालचा कप्पा, या मापाहून थोडी लहानच भरते. तुमच्याकडे सातेरीची जुनी पेटी असेल तर फक्त पिलावा कोठी, तळपाट आणि झाकण एवढंच टांगा. वरची मध कोठी काढून ठेवा. मेलिफेराची दहा चौकटींची पेटी स्वस्तात मिळाली म्हणून वापरू नका. सातेरी आलीच तर कोपऱ्यात चार पोळी बांधेल आणि बाकीच्या रिकाम्या जागेत मेणकिडा नांदेल.

पेटीत चौकटी हव्यातच. कोणी माठ टांगतात, आणि माठ थंड राहतो हे खरं. पण माठातली पोळी पुढे कापून सुती दोऱ्याने चौकटीला बांधावी लागतात, त्यात पिलावा चिरडतो आणि राणी सापडली नाही तर सगळंच मुसळ केरात. चौकटीच्या वरच्या पट्टीच्या खालच्या बाजूला सातेरीचं वितळलेलं मेण बोटभर रुंदीने ओढून ठेवा, म्हणजे माश्या तिथूनच सरळ पोळं बांधायला घेतात. दार तळाशी, आठ-दहा सेंटिमीटर लांब आणि जेमतेम एक सेंटिमीटर उंच. बाकी सगळ्या फटी शेणमातीने बुजवा. मेलिफेरा आपल्या फटी आपण लिंपते, सातेरी चिकाने घर लिंपत नाही, म्हणून ते काम तुमचं. आत उजेडाची एक रेघही दिसता कामा नये.

वास हा यातला सगळ्यात नाजूक भाग, आणि चुकाही इथेच जास्त होतात. नवी लाकडी पेटी, त्यातही प्लायवूडची, डिंकाचा आणि वार्निशचा वास मारते. ती उन्हा-सावलीत पंधरा दिवस उघडी टाका. वाळवी लागू नये म्हणून काही जण लाकडाला क्लोरपायरीफॉस चोपडतात. ती पेटी माशीसाठी कायमची बाद झाली असं समजा. आतून रंग नको, बाहेरून जवसाचं तेल चालेल. गूळ किंवा मध लावू नका. त्याने मुंग्या येतात, दुसऱ्या मोहोळाच्या लुटारू माश्या येतात, आणि बाजारच्या मधातून रोगाची लागणही होऊ शकते.

मग लावायचं काय? जुन्या, निरोगी सातेरी मोहोळाचं मेण. आतल्या भिंतींवर आणि दाराच्या कडेला ते गरम करून पातळ पुसलं की पुरे. जुनं काळं पोळं आख्खं ठेवण्याचा मोह टाळा, आठवडाभरात त्यात मेणकिड्याच्या अळ्यांची जाळी होतात. मेण कुठून आणलं याचीही चौकशी करा. 1991-92च्या सुमारास दक्षिण भारतात पिलाव्याच्या थाई सॅकब्रूड या विषाणूने सातेरीच्या वसाहतींचा फडशा पाडला होता. पिलावा सडून मेलेल्या मोहोळाचं पोळं फुकट मिळालं तरी घेऊ नये.

गवती चहाबद्दल सगळे विचारतात. त्याच्या तेलात सिट्राल असतं, आणि मेलिफेराच्या कामकरी माश्या सोबतिणींना बोलावण्यासाठी जो गंध सोडतात त्यात हेच द्रव्य असतं. म्हणून तिकडे गवती चहाच्या तेलाचे दोन थेंब ही जवळजवळ परंपराच झाली आहे. सातेरीच्या गंधाची घडण वेगळी आहे. तेव्हा घरच्या परसातली दोन पानं चुरगाळून दारावर घासायची असतील तर खुशाल घासा, पण तेलाच्या बाटलीला पैसे घालण्याआधी मेणाला घाला. आपल्या सातेरीची सख्खी जातभाई असलेली जपानी माशी ज्याला भुलते ते तर एक ऑर्किड आहे. जपानमधले मधपाळ थव्याच्या दिवसांत त्या फुलाची कुंडी रिकाम्या पेटीशेजारी ठेवतात, आणि थवा येऊन कधी कधी फुलांवरच लटकतो. ते झाड आपल्या चाळीस-बेचाळीस अंशांत जगवत बसण्यापेक्षा मेण बरं.

पेटी कुठे टांगायची ते माश्यांनाच विचारावं. थवा बहुधा जुन्या घरापासून काहीशे मीटर ते किलोमीटरभराच्या टापूतच जागा शोधतो, म्हणून आधी शिवारातली जुनी मोहोळं हुडका. फेब्रुवारीतल्या सकाळी दहाच्या पुढे बोअरच्या पाइपाच्या गळक्या जोडापाशी किंवा जनावरांच्या हौदाच्या शेवाळलेल्या काठावर बसा. सातेरी पाण्यात उतरत नाही, ओल्या शेवाळावर डोकं खाली घालून बसते आणि पोट आकसत-फुगवत पाणी ओढते. अर्ध्या-एक मिनिटाने उठते, एक-दोन गिरक्या घेते आणि मग चढून सरळ एका दिशेने जाते. एखादीच्या पाठीवर चिमटीने थोडं गव्हाचं पीठ भुरभुरा आणि घड्याळ बघा. ती पाच-सात मिनिटांत परत आली तर तिचं घर जवळच आहे. वीस मिनिटं लागली तर लांब. दोन वेगळ्या पाणवठ्यांवरून दिशा घेतल्या तर त्या रेषा जिथे मिळतात तिथे जुनी विहीर किंवा ढोल असतेच. ते मोहोळ तसंच राहू द्या, तेच तुमचं बियाणं. त्याच्या अवतीभवती दोन-तीनशे मीटरांवर चार-पाच पेट्या लावा. एकाच पेटीवर भिस्त ठेवणं म्हणजे नशिबावर सोडणं.

पेटी सहा ते दहा फुटांवर, दाट सावलीत, दार पूर्वेला किंवा आग्नेयेला. कडुनिंब किंवा आंब्याच्या जाड फांदीच्या बेचक्यात घट्ट बांधा, वाऱ्याने हलणाऱ्या पेटीत कोणी राहायला येत नाही. दुपारी दोनला जाऊन सावली खरंच आहे का ते बघा. सकाळची सावली सगळ्यांनाच चांगली वाटते, पण पळसाची पानं फाल्गुनात झडलेली असतात आणि पेटी टळटळीत उन्हात तापत असते. झाकणावर तुऱ्हाट्या किंवा गवताचा भारा टाका. मुंग्यांसाठी फांदीला बांधलेल्या तारेवर जळक्या ऑइलात भिजवलेली चिंधी गुंडाळा. पेटी घोडीवर ठेवली असेल तर चारही पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवा आणि त्या भरलेल्या ठेवा. ज्ञानगंगा किंवा अंबाबरवा अभयारण्याच्या हद्दीत वनखात्याच्या परवानगीशिवाय पेटी लावू नका. आपल्या वावराचा धुरा पुरेसा आहे.

दर आठवड्याला पेटी बघायची, पण लांबून. कोळ्याची जाळी, पाल, गांधीलमाशीचं घरटं, मेणावर फिरणाऱ्या अळ्या दिसल्या तर साफ करा, एवढंच काम. एखाद्या उबदार सकाळी दाराशी दोन-तीन माश्या घुटमळताना दिसतील. त्यांच्या पायांवर परागाच्या गोळ्या नसतात. त्या उडत आत घुसत नाहीत, दारावर उतरतात, चालत आत जातात, मिनिट-दीड मिनिटाने बाहेर येतात, मग पेटीच्या भिंतींवरून, सांध्यांवरून चालत सगळी तपासणी करतात. पेटीला कान लावलात तर आत लाकडावर पायांची बारीक खरखर ऐकू येते, माशी चालून चालून पोकळीचा अंदाज घेत असते. दुसऱ्या दिवशी पाच-सात, मग वीस-पंचवीस. ही संख्या वाढत असेल तर तिकडे फिरकू नका, पेटी सरळ करायला किंवा अजून मेण लावायला तर मुळीच नको. आणि संख्या वाढून एकदम शून्य झाली तर वाईट वाटून घेऊ नका. त्यांनी दुसरं घर पसंत केलं असेल.

थवा येतो तो बहुधा दुपारच्या आधी किंवा दुपारी. हवेत माश्यांचा घोंगावणारा ढग, आणि अर्ध्या तासात सगळा पेटीत. या वेळी माश्या शांत असतात, तरीही तोंडावर जाळी असल्याशिवाय जवळ जाऊ नका. कोणाला दंशानंतर अंगभर गांधी उठल्या किंवा श्वास लागला तर घरगुती उपायांत वेळ न घालवता दवाखाना गाठा.

पुढचे पंधरा दिवस खरे कसोटीचे. पहिले तीन-चार दिवस पेटीला हातही लावायचा नाही. शिवारात फुलोरा कमी असेल तर संध्याकाळी उशिरा साखर आणि पाणी समप्रमाणात घेतलेला पाक आतच, काड्या टाकलेल्या वाटीत ठेवा. बाहेर सांडला तर लुटालूट सुरू होते. दाराला राणी गेट, म्हणजे कामकरी माश्या जाऊ शकतात पण राणी अडते अशी जाळी, लावावं की नाही यावर मधपाळांत दुमत आहे. माझं मत असं, की फुलोऱ्याच्या दिवसांतल्या मोठ्या थव्यात जुनी, फळलेली राणी असते. तिथे आठवडाभर गेट लावल्याने मोहोळ पळत नाही. पण त्याच जुन्या घरातून काही दिवसांनी उठलेल्या लहान थव्यात कुमारी राणी असते. तिला मीलनासाठी बाहेर उडायलाच हवं. तिथे गेट लावलं तर तुम्ही स्वतःच्या हाताने मोहोळ बुडवलं. थवा लहान असेल तर गेट नकोच.

दाराशी बसून पराग बघा. पिवळ्या, भगव्या गोळ्या घेऊन माश्या आत जाऊ लागल्या की बहुधा अंडी पडायला लागलेली असतात. आठ-दहा दिवसांनी सकाळच्या उन्हात एखादी चौकट हलक्या हाताने उचलून पोळ्यातल्या एकेका घराच्या तळाशी उभं, पांढरं अंडं दिसतं का ते पाहा. एका घरात एकच अंडं असेल तर राणी ठीक. एकेका घरात तीन-चार अंडी विखुरलेली असतील तर राणी नाही, कामकरी माश्याच अंडी घालताहेत. अंड्यापासून कामकरी माशी व्हायला जवळजवळ तीन आठवडे लागतात. तोवर जुन्या माश्या मरत राहतात आणि मोहोळ रोडावल्यासारखं दिसतं. ते स्वाभाविक आहे, घाबरून पेटी वारंवार उघडू नका.

पेटी हलवायची असेल तर पिलावा दिसल्यावर, रात्री, दाराला जाळी लावून. आणि एकदम दोन-तीन किलोमीटर लांब. शंभर-दोनशे मीटर हलवली तर सकाळी चरायला गेलेल्या माश्या जुन्या फांदीवर परततील आणि तिथेच गोळा होऊन मरतील.

जिल्ह्यात या खटाटोपाचा सगळ्यात मोठा ग्राहक कांदा बियाण्याचा शेतकरी आहे. कांद्याच्या एकाच फुलातला पराग आधी तयार होतो आणि स्त्रीकेसर नंतर, त्यामुळे एका गोंड्यावरून दुसऱ्या गोंड्यावर पराग नेणारं कोणीतरी लागतंच. माश्या नाहीत म्हणून हातावर फडकं गुंडाळून गोंडे चोळत फिरण्याची वेळ काही ठिकाणी आली आहे. पण पेटी आली म्हणजे माशी कांद्यावरच जाईल असं नाही. कांद्याच्या मकरंदात पोटॅशियम जास्त असतं, तो माशीला फारसा रुचत नाही, आणि शेजारी धने किंवा सूर्यफूल फुललं असेल तर ती तिकडे वळते. म्हणून मोहोळ बसलेली पेटी गोंडे थोडेफार उमलल्यावर प्लॉटशेजारी न्यावी, आधी नव्हे. आणि फुलकिड्यांसाठी फवारणी करायचीच असेल तर सूर्य मावळल्यावर, शेजाऱ्यालाही सांगून. धुऱ्यापलीकडच्या वावरात सकाळी अकराला पंप चालला तर तुमची मेहनत दुपारपर्यंत पेटीसमोर मरून पडलेली दिसते. सातेरीकडून मधाची फार आशा धरू नका. सपाटीवर तो मोजकाच मिळतो, आणि नव्या मोहोळाचा पहिल्या वर्षी काढूच नये.

प्रशिक्षण घ्यायचं तर महाबळेश्वरचं मध संचालनालय राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाखाली आहे. महाबळेश्वरजवळचं मांघर 2022 मध्ये मधाचं गाव झालं ते त्याच मंडळाच्या उपक्रमातून. पुण्याची केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था 1962 पासून आहे. जवळ विचारायचं तर बुलढाणा आणि जळगाव जामोद इथली कृषी विज्ञान केंद्रं आहेत. जाताना एकच गोष्ट ठामपणे सांगा, सातेरीचं शिकायचंय, मेलिफेराचं नाही.

एप्रिल उलटूनही रिकामी राहिलेली पेटी झाडावर ठेवू नका, उन्हाने तडकते. उतरवा, जुनं मेण खरवडून वितळवून गाळून डबीत बंद करा, चौकटी उन्हात तापवा आणि पेटी कोरड्या जागी, कीटकनाशकांच्या बाटल्यांपासून लांब ठेवा. पोळा झाला की मेण पुन्हा पुसून त्याच शिवारात, पण पहिल्या जागेपासून शे-दोनशे मीटर बाजूला टांगा. ज्या पेटीपाशी शोधकरी माश्या येऊन गेल्या होत्या, ती मात्र त्याच फांदीवर लावा.